फरशीचा सांधा आणि हरळीचं ग्रीन

[पहाट. सराव-ग्रीनवर दव. एक बॉल घरंगळत जातो.]

दवात बॉल घरंगळला की मागे एक काळसर रेघ उरते. सकाळी साडेसहाला पुण्यातल्या या गोल्फच्या सराव-ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, मी येतो तो या रेघेसाठी. बॉल कुठून निघाला, कुठे वळला, कुठे दमला, सगळं गवतावर लिहिलेलं असतं. दवात बॉल थोडा जड चालतो, पण खोटं बोलत नाही. आठ वाजता ऊन चढतं आणि ही वही कोरी होते.

गोल्फमध्ये ७२ पारचा कोर्स, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला, घेतला तर हिशोबाने ३६ फटके ग्रीनवरचे. दर होलला दोन 'पट', म्हणजे बॉल होलकडे घरंगळवणारे हलके फटके. म्हणजे अर्धा खेळ इथला. आणि आत्ता नजर टाका. तिकडे लांब फटक्यांच्या सरावाच्या ड्रायव्हिंग रेंजवर रांग लागलीय, इकडे आम्ही दोघं-तिघं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

[जवळून: होल. शेजारी बॉल.]

होलचा व्यास १०८ मिलीमीटर. बॉल जेमतेम ४३. दोन बॉल शेजारी ठेवले तरी आत मावतात. तरी दहा फुटांवरून पटरचा, म्हणजे पट मारायच्या काठीचा, चेहरा एका अंशाने वाकडा लागला, तर होलपाशी पोचेपर्यंत बॉल पाच सेंटिमीटर भरकटतो, म्हणजे थेट कडेवर. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. हे ऐकलं त्या दिवशी माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. आठ फुटांवरून चुकणं हा गुन्हा नाही. तीन फुटांवरून चुकणं मात्र सरावाने थांबवता येतं.

दोन वर्षं मी सराव चुकीचा केला. बादलीभर बॉल घ्यायचे, एकाच जागी उभं राहायचं आणि एकामागून एक मारत सुटायचं. दहावा बॉल आत जायचाच. आधीच्या नऊंनी वाट दाखवलेली असायची. मी खूश. रविवारी सामन्यात मात्र चार फुटांवरून तिसरा पट मारायची पाळी यायची, कारण तिथे पहिलाच बॉल शेवटचा असतो.

आता माझ्याकडे एकच बॉल असतो. पट मारायचा, चालत जाऊन उचलायचा, नवीन जागा शोधायची, मागे बसून उतार बघायचा, मगच पुढचा. अर्ध्या तासात तीसेक पट होतात. पण त्यातला एकही दुसऱ्यासारखा नसतो.

[घर. दिवाणखाना. फरशीवर पटर.]

दिशेचा सराव मात्र घरी. आमच्या दिवाणखान्यातल्या फरश्यांचा सांधा भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ जातो. त्यावर बॉल ठेवायचा आणि सांध्यावरूनच चालवायचा. फरशी सपाट असेल तर सांधा सोडून गेलेला बॉल म्हणजे वाकडा लागलेला पटर; दुसरी सबब नाही. त्याहून कडक परीक्षा हवी असेल तर कापडाच्या दुकानात असते तशी लोखंडी मीटरपट्टी आणा. पट्टी जमिनीवर, बॉल तिच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकापर्यंत तो खाली न उतरता गेला पाहिजे. पहिल्या आठवड्यात माझे वीसातले चार-पाच गेले असतील. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, खालचे लोक झोपलेत!" मग सतरंजी अंथरली.

[पुन्हा ग्रीन. ऊन वर आलंय.]

पण दिशा शिकवणारी फरशी वेग शिकवू शकत नाही आणि पटिंगमध्ये मी वेगाला मोठा भाऊ मानतो. जोरात आलेल्या बॉलला होलचा फक्त मधला भाग खुला असतो. कडेला लागला की गरकन फिरून बाहेर. मरत मरत आलेला बॉल कुठल्याही बाजूने आत पडतो. होल तेवढंच, पण हळू येणाऱ्यासाठी ते मोठं होतं. म्हणून लांबचे पट मी होलकडे मारतच नाही. दहा, वीस, तीस फुटांवर टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) खोवतो आणि बॉल टीपाशी थांबवतो. लहानपणी गोट्या खेळलेल्यांना हे सांगावं लागत नाही. कुठे किती जोर द्यायचा, ते त्यांच्या बोटांना ठाऊक असतं.

आणि मग हे गवत. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा गवताच्या जाती असतात. बर्म्युडा म्हणजे कोण? आपली हरळी. गणपतीला दूर्वा वाहतो ना, तीच. शेतकरी हिला कंटाळतो, कारण ही जमिनीलगत आडवी पळते. ग्रीनवर तिचा तोच स्वभाव बॉलला जाणवतो. बॉलमागे उभं राहून होलकडे बघा. गवत चकाकत असेल तर पाती तुमच्यापासून पलीकडे झुकलीत, बॉल पळेल. काळपट दिसत असेल तर ती तुमच्याकडे झुकलीत, जोर वाढवा. खात्री नसेल तर होलची कड बघा. जिकडची कड कुरतडल्यासारखी, पिवळट, तिकडे गवताचा ओढा.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकला गोल्फपटू अदिती अशोकने भल्या सकाळी भारताला टीव्हीसमोर बसवलं होतं. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, आघाडीच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी मागे, बॅग आईच्या खांद्यावर. तिला टिकवून धरलं ते पटरने. चार दिवसांत पारपेक्षा १५ फटके कमी. शेवटच्या होलवरचा लांबचा बर्डी पट (पारपेक्षा एक फटका कमी देणारा) बाहेर राहिला आणि एका फटक्याने पदक हुकलं. त्या दिवशी गोल्फ न कळणारे माझे शेजारीही हळहळले.

तिच्या आधी शिवशंकर प्रसाद चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर. मुलगा तिथल्याच गवतावर शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. चिप (ग्रीनजवळून उडवलेला छोटा फटका) आणि पट इतके पक्के, की सोबतचे त्याला 'चिपुट्सिया' म्हणू लागले.

[माळीदादा होल-कटर घेऊन येतात.]

साडेआठ. माळीदादा आले. होलभोवतालचं गवत पायांनी दबतं, म्हणून ते होल हलवतात. कटर दाबला, फिरवला, मातीचा गोळा अख्खा वर. तो जुन्या होलमध्ये बसवला, वरून पायाने दाबला, पाणी शिंपडलं. आता जागा ओळखूही येत नाही.

"कुठे केलंत दादा?"

"तिकडं, चढावर. बघा आता!"

मी बॉल उचलतो आणि नव्या होलच्या मागे जाऊन उकिडवा बसतो.