लाल सोनं आणि त्याची मोजणी

या फ्लास्कमधे कोकम सरबतासारखं जे लाल दिसतंय ना, ते सोनं आहे. रंग टाकलेला नाही, काही नाही. नुसतं पाणी, थोडं सायट्रेट आणि सोनं, तेही 100 मिलीलीटरमधे जेमतेम 5 मिलीग्रॅम, म्हणजे झवेरी बाजारात एखाद्या कारागिराच्या टेबलाखाली झाडलं तर याहून जास्त सापडेल. पण तिथलं पिवळं आणि इथलं लाल, कारण इथला एकेक कण 15 नॅनोमीटरच्या आसपास आहे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), त्यात साधारण लाखभर अणू. एवढ्याशा कणात इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर एका तालात हलायला लागतात, हिरवा उजेड गिळतात, मग आपल्यापर्यंत लाल पोचतो. मायकेल फॅरडेने 1857 मधे लंडनला असं लाल सोनं दाखवलं होतं. कण त्याला दिसणं शक्यच नव्हतं, पण सोनं अतिशय बारीक झालंय म्हणूनच रंग बदललाय हे त्याने ताडलं.

आपण आहोत माटुंग्यात, एका कॉलेजच्या लॅबमधे, आणि जुलै चालू आहे. जुलै मुद्दाम सांगतोय, कारण ज्यापासून हे बनतं ते गोल्ड क्लोराइड हवेतला ओलावा असा ओढतं की बाटली उघडून वजन करेपर्यंत काट्यावरचा आकडा वर सरकत राहतो. म्हणून बाटली आली की सगळं एकदाच पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि पुढे फक्त मिलीलीटर मोजायचे. स्टीलचा चमचा तर अजिबात नाही, चमच्यावरच सोनं चढतं, प्लास्टिकचा घ्यायचा.

रेसिपी 1951 ची, टर्केविच नावाच्या केमिस्टची आणि त्याच्या सहकाऱ्यांची. फिकट पिवळं पाणी हॉटप्लेटवर उकळायचं, आत चुंबकाचा तुकडा गरगर फिरतोय, आणि उकळी आली की सायट्रेट एकदम ओतायचं, थेंब थेंब नाही. पिवळा रंग जातो, मधे वाटतं सगळं गायबच झालं, मग काळपट निळं, जांभळं, आणि काही मिनिटात लाल. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचंच मीठ, ते आधी सोन्याच्या आयनला इलेक्ट्रॉन देऊन धातू करतं आणि मग कणांना चिकटून त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज ठेवतं, म्हणून कण एकमेकांपासून लांब राहतात. सायट्रेट कमी टाकलं की कण मोठे, हे फ्रेन्स नावाच्या संशोधकाने 1973 मधे दाखवलं. आणि हो, सगळी काचेची भांडी आधी आम्लराजाने, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने धुवायची, मागच्या बॅचचा डाग राहिला तर नवीन सोनं त्याच्यावरच जाऊन बसतं.

बनवणं एवढंच. खरी डोकेदुखी पुढे, की बनलं काय.

आधी यूव्ही-व्हिजिबल, म्हणजे कुठला उजेड किती गिळला जातो त्याचा आलेख. उजेडाच्या 520 नॅनोमीटर तरंगलांबीजवळ अरुंद पीक, म्हणजे उंचवटा, आला तर बरं, तो पसरट झाला किंवा 600 च्या पुढे शेपूट लांबली तर समजायचं कण गोळा व्हायला लागलेत. साइजचा यातून फक्त अंदाज येतो. कण प्रत्यक्ष बघायचे तर टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हवं, आणि ते मशीन प्रत्येक कॉलेजकडे कुठलं, मग पवईला आयआयटीत बाहेरच्यांनाही फी भरून सॅम्पल देता येतं तिथे जायचं. तांब्याच्या जाळीवर एक थेंब सुकवतात आणि स्क्रीनवर हे काळे ठिपके दिसतात. समजा इथे 15 आलं. तेच सॅम्पल डीएलएस नावाच्या मशीनमधे घातलं तर 22 येईल, कारण तिथे लेझर मारून कण पाण्यात कसे भरकटतात ते बघतात आणि त्यात वरचं सायट्रेट, चिकटून फिरणारं पाणी सगळं धरलं जातं. शिवाय दोनचार गोळे जरी असले तरी आकडा फुगतो. एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे मारून बघणं, आणखी वेगळं, ते स्फटिकाची साइज देतं, आणि एका कणात दोन-तीन स्फटिक जुळलेले असतील तर तो आकडा 15 पेक्षाही कमी. मशीन एकही बिघडलेलं नाही, पण पोरं तिन्ही आकडे बघून घाबरतात आणि मग बरा वाटेल तो रिपोर्टमधे टाकतात. माझं विचाराल तर नुसता एक सुंदर टीईएम फोटो लावलाय आणि किती कण मोजले ते लिहिलं नाही, अशा रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही. जाळीचा छान कोपरा कुणालाही सापडतो.

एवढा कीस कशाला? मेडिकलमधे प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी मिळते, तिच्यावरची लाल रेघ बहुतेक वेळा हेच सोनं असतं. तिथे कण जरा मोठे, 40 नॅनोमीटरच्या आसपासचे घेतात, म्हणजे रेघ ठळक दिसते, आणि त्यांच्यावर हार्मोनला पकडणारी अँटीबॉडी बसवतात. ती पुरेशी बसली का हे बघायला साधं मीठ लागतं. मिठाचं पाणी टाकायचं, लाल राहिलं तर अँटीबॉडीने कण नीट झाकलेत, निळं पडलं तर कण उघडे होते आणि मिठाने चार्ज मारल्यावर एकमेकांना चिकटले. मग अँटीबॉडी वाढवून परत. निळी पडलेली बॅच सिंकमधे ओतत नाहीत, सोन्याच्या वेस्टची वेगळी बाटली असते, ती भरली की सोनं परत काढायला पाठवतात.