दोन थरांचा चाकू

(दृश्य: लाकडी टेबल. त्यावर ओळीने मांडलेले पाच चाकू, सगळे मिटलेले.)

टेबलावर पाच चाकू आहेत. डावीकडचे चार 'व्हिक्टोरिनॉक्स' कंपनीचे, स्वित्झर्लंडमधल्या इबाख या गावात बनलेले. पाचवा, तो स्टीलचा जाडजूड, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. पाचही रोज खिशात बाळगण्यासाठी विकले जातात.

आता त्यांच्या खोक्यांवरचे आकडे बघा. 7 कामं. 9 कामं. 12 कामं. 33 कामं. दुकानात गेलेल्या माणसाची नजर आधी या आकड्यावर जाते. जेवढा आकडा मोठा तेवढा चाकू चांगला, असं वाटतं. या आकड्यात काय काय धरलेलं असतं, ते एकदा नीट बघू.

(दृश्य: 12 कामांचा लाल चाकू, 'स्पार्टन'. एकेक अवजार सावकाश उघडत जातं.)

मोठं पातं. छोटं पातं. डबा फोडायचं अवजार, आणि त्याच्या टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढायचं अवजार, त्याच्या टोकाला रुंद स्क्रू ड्रायव्हर आणि बुडाशी वायर सोलायची खाच. पाठीमागे बूच काढायचा मळसूत्री स्क्रू. त्याच्या शेजारी टोच्या. मुठीत खोवलेला चिमटा. दातकोरणं.

अकरा झाली. बारावं काम म्हणजे ही कडी. किल्ल्या अडकवायची कडी.

म्हणून आकडा बाजूला ठेवा. चाकू उलटा करा, पाठ वर करून उजेडात धरा आणि थर मोजा.

(दृश्य: पाठीकडून अगदी जवळून. स्टीलच्या दोन पट्ट्या, मध्ये अल्युमिनियमचा पातळ पत्रा.)

या दोन चकचकीत पट्ट्या म्हणजे स्प्रिंगा. दोन स्प्रिंगा, दोन थर. जाडी सुमारे 15 मिलिमीटर, वजन सुमारे 60 ग्रॅम. एवढ्याशा जागेत सहा अवजारं मावतात कशी, ते कळलं की चाकू निवडणं सोपं होतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

(दृश्य: नकाशा. श्वित्स परगणा, इबाख.)

कार्ल एल्सेनर हा टोप्या बनवणाऱ्याचा मुलगा. चाकू-सुऱ्यांचं काम शिकून तो गावी परतला आणि 1884 मध्ये त्याने इबाखमध्ये आपला कारखाना काढला. श्वित्स तेव्हा गरीब मुलूख होता, हाताला काम नव्हतं, माणसं परदेशी निघून जात होती. त्याच सुमारास स्विस सैन्याला नवी रायफल मिळाली होती. ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा. शिवाय शिपायाला डबा फोडायचा असायचा, चामड्याला भोक पाडायचं असायचं, भाकरतुकडा कापायचा असायचा. या सगळ्यासाठी सैन्याने एकच घडीचा चाकू ठरवला. पण तो मोठ्या संख्येने बनवील असा कारखानाच देशात नव्हता. पहिला माल आला जर्मनीतल्या झोलिंगेनहून.

एल्सेनरला ते रुचलं नाही. देशातल्या चाकू बनवणाऱ्या कारागिरांना त्याने एकत्र केलं आणि 1891 मध्ये सैन्याला पहिले स्विस चाकू दिले. पण जर्मन कारखान्यांचा माल स्वस्त पडत होता. बरोबरचे एकेक करून बाजूला झाले, एल्सेनर एकटा उरला आणि कर्जात बुडाला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून कारखाना वाचला.

(दृश्य: जुना, मोडका लाल चाकू. मूठ उचकटून काढलेली. आतला सांगाडा.)

शिपायाचा तो चाकू दणकट होता, पण जड होता. अधिकाऱ्यांसाठी हलका, सुबक चाकू करायचं एल्सेनरने मनावर घेतलं. 12 जून 1897 रोजी त्याने त्याची नोंदणी केली. त्यातली युक्ती इथे उघडी पडली आहे. जरा जवळून बघू या.

प्रत्येक अवजाराचं बूड चौकोनी असतं. स्प्रिंग त्या बुडावर दाबून बसलेली असते. पातं उघडायला लागलं की बुडाचा कोपरा स्प्रिंगला उचलतो. पातं सरळ झालं की बुडाची सपाट बाजू स्प्रिंगखाली येते आणि स्प्रिंग खट्‌दिशी बसते.

(आवाज: खट्.)

पात्याला उघडं धरून ठेवतो तो हाच दाब. कुलूप नाही, कळ नाही.

ही एक पट्टी दोन्ही टोकांना काम करते. एका टोकाला मोठं पातं, दुसऱ्या टोकाला छोटं. एवढं तर आधीच्या चाकूंतही होतं. एल्सेनरने त्याच पट्टीची वरची बाजूही कामाला लावली. पाठीवरचा टोच्या आणि बुचाचा स्क्रू त्याच स्प्रिंगांवर टेकून उघडतात. एका स्प्रिंगवर तीन अवजारं, दोन स्प्रिंगांवर सहा. टेबलावरचा लाल चाकू आजही याच मांडणीचा आहे.

अधिकाऱ्यांचा हा चाकू सैन्याने कधी सरकारी साहित्यात घेतला नाही. अधिकारी तो पदरचे पैसे टाकून विकत घेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. फुकट मिळणारा जड चाकू असताना लोकांनी खिशातून पैसे काढले, ते हलकेपणासाठी.

(दृश्य: वजनकाटा. त्यावर एकेक चाकू.)

आता काटा बघा. सगळ्यात छोटा, 58 मिलिमीटरचा 'क्लासिक': 21 ग्रॅम. अल्युमिनियमच्या मुठीचा 'कॅडेट': 46. लाल 'स्पार्टन': 60 च्या आसपास. आणि 33 कामांचा 'स्विसचॅम्प': 185 ग्रॅम, जाडी 33 मिलिमीटर.

(दृश्य: तोच चाकू सुती पँटच्या खिशात. खिसा एका बाजूला ओढला गेलेला. मग झब्ब्याच्या खिशात.)

हे चित्र बघून काही सांगायची गरज उरत नाही. 'स्विसचॅम्प' हा कारागिरीचा उत्तम नमुना आहे. त्यात भिंग आहे, कानस आहे, लाकडाची करवत आहे, पक्कडसुद्धा आहे. पण चौथ्या दिवशी तो कपाटाच्या खणात जातो आणि तिथेच राहतो. कात्री लागली की आपण पुन्हा शेजारच्या टेबलावर शोधत असतो.

माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या खिशासाठी दोन थर घ्या. तिसरा थर घ्यायचाच असेल तर कात्रीसाठी घ्या. तीन थरांच्या 'क्लाइंबर'मध्ये ती मिळते, वजन 80 ग्रॅमच्या थोडं वर जातं. औषधाची पट्टी, नख, शिलाईचा सुटलेला धागा, दुधाची पिशवी, या कामांना कात्री पात्यापेक्षा सोयीची. घरात लहान मूल असेल तर जास्तच.

(दृश्य: भिंतीवरचा स्विचबोर्ड, वीज बंद. डबाफोडीचं टोक स्टार स्क्रूत बसतं.)

हे बघण्यासारखं आहे. आपल्याकडे डबे फोडायचा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे हे अवजार वाया गेलं असं वाटतं. पण त्याचं बारीक टोक स्टार स्क्रूच्या खाचेत अचूक बसतं. प्लगचं झाकण, खेळण्यातल्या बॅटरीचं झाकण, कढईचा सैल कान, सगळी कामं याच टोकाने होतात.

बुचाच्या स्क्रूबद्दलही लोक हेच विचारतात, की आम्हाला हा कशाला. दोरीची आवळलेली गाठ सोडवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

(दृश्य: राजगड, पद्मावती माची. ओली, घट्ट बसलेली गाठ. स्क्रूचं टोक गाठीत शिरतं, गाठ सैल होते.)

शिवाय या मळसूत्राच्या पोटात चष्म्याचा चिमुकला स्क्रू ड्रायव्हर फिरवून बसवता येतो. तो वेगळा विकत मिळतो, आणि चष्मेवाल्यांनी जरूर घ्यावा. ज्यांना स्क्रू नकोच, त्यांच्यासाठी 'टिंकर' आहे. त्याच्या पाठीवर बुचाच्या स्क्रूऐवजी पूर्ण स्टार स्क्रू ड्रायव्हर असतो.

(दृश्य: माचीवर ताक आणि काकडी विकणाऱ्या मावशी. काकडीचे उभे काप, मीठ-तिखट.)

(दृश्य: पुन्हा टेबल. पाचवा चाकू उघडतो आणि त्याची पक्कड होते.)

हा पाचवा. टिम लेदरमन 1975 मध्ये पत्नीबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोपात फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, खिशात साधा चाकू होता आणि गरज पक्कडीची होती. घरी परतल्यावर त्याने पक्कड असलेला चाकू बनवायला घेतला. तो बाजारात यायला 1983 उजाडलं. हा त्याच घराण्यातला 'वेव्ह', 241 ग्रॅमचा.

(दृश्य: मोटारसायकलची क्लच केबल. पक्कडीने धरलेली तार.)

ज्याचं काम तारेशी, नटाशी, केबलशी आहे त्याने हाच घ्यावा आणि पट्ट्याला म्यानात लावावा. वायरमन, लांबच्या प्रवासाला निघणारे मोटारसायकलवाले, पाण्याच्या मोटरीपाशी दिवस काढणारे शेतकरी यांना दोन थरांचा चाकू पुरणार नाही. बाकीच्यांना पक्कड महिन्यातून एकदा लागते, आणि ती घरात असतेच.

(दृश्य: पात्याची धार, अगदी जवळून. मग पाण्याने भरलेली परात आणि धार लावायचा दगड.)

आता पोलाद. इबाखच्या पात्यांचा कडकपणा रॉकवेल मापावर 56 असतो. हौशी मंडळींना हा आकडा कमी वाटतो. महागड्या चाकूंचं पोलाद 60 च्या पुढे जातं, त्यांची धार जास्त दिवस टिकते, हे खरं आहे. पण ती धार गेली की परत आणायला खास दगड लागतात आणि सवयीचा हात लागतो. 56 चं पातं लवकर बोथट होतं, आणि साध्या दगडावर दहा मिनिटांत पुन्हा धारेवर येतं. आपल्या घरांसाठी मला हे दुसरं पोलाद जास्त योग्य वाटतं.

दगड दोन अंगांचा घ्या. एक खरबरीत, एक मऊ. पाण्यात भिजवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. पातं दगडावर उभं धरा: हा काटकोन. निम्मं खाली आणा: 45 अंश. पुन्हा निम्मं: 20 च्या जरा वर. आता केसभर आणखी खाली. हाच कोन शेवटपर्यंत धरायचा.

(दृश्य: पातं दगडावर फिरतं. फक्त दगडाचा आवाज.)

बुडापासून टोकापर्यंत, हलक्या हाताने. जोर लावायचा नाही. थोड्या वेळाने धारेच्या दुसऱ्या बाजूवरून अंगठा आडवा, बाहेरच्या दिशेने फिरवा. बारीक खरखर लागेल. कारखान्यातली माणसं याला 'बर आली' म्हणतात. बर आली म्हणजे दगड थेट धारेपर्यंत पोचला. मग बाजू बदला. मग मऊ अंगावर तेच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं उलटं ओढा, पाठ पुढे, धार मागे. बर निघून जाते.

(दृश्य: वर्तमानपत्राचा कागद एका हातात लोंबता. पातं वरून खाली, न अडखळता.)

एक कळकळीचं सांगणं. हे पातं कोरड्या फिरत्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा धारेचं पातळ पोलाद तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग कितीही घासलं तरी धार टिकत नाही. स्वयंपाकघरातल्या जाड विळीचं ठीक आहे, तिला ते सोसतं.

(दृश्य: आंब्याच्या रसाने चिकटलेला चाकू. कोमट पाण्यात उघडझाप. सांध्यावर तेलाचा थेंब.)

फळ कापल्यावर रस सांध्यात उतरतो. कोमट पाण्यात धरून सगळी अवजारं चार-पाच वेळा उघडमीट करायची, पूर्ण वाळवायचं आणि सांध्यावर तेलाचा एक थेंब. तेल खाण्याला चालणारं हवं, कारण याच पात्याने पुन्हा फळ कापायचं आहे. पावसाळ्यात आणि कोकणात याला चुकायचं नाही. न गंजणारं पोलाददेखील खाऱ्या दमट हवेत सांध्यापाशी डाग धरतं.

(दृश्य: विमानतळाचा फलक, बाहेरून.)

कुलूप नसलेलं पातं उलट्या दिशेने दाबलं तर बोटांवर मिटतं. विमानाने जाताना चाकू चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत सापडला की तपासणीत काढून घेतात. पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तेव्हा तो घरीच ठेवा.

(दृश्य: दुकानाचा काउंटर. काचेखाली लाल चाकूंची रांग.)

आता दुकानात. मोठं पातं उघडा आणि त्याच्या बुडाशी बघा. कंपनीचं नाव आणि स्वित्झर्लंडची मोहोर तिथे स्वच्छ कोरलेली असते. नकली मालात ती पुसट असते किंवा नसतेच. पाठीवर नख फिरवा: स्प्रिंगा आणि पत्रे एका पातळीत लागायला हवेत, नख अडकता कामा नये. चाकू मिटून उजेडासमोर धरा: पाती आपापल्या खाचेत मधोमध उभी दिसली पाहिजेत, पत्र्याला घासणारी नकोत. मग प्रत्येक अवजार एकदा उघडून मिटा. नवा चाकू कडक असतो, नख दुखतं, ते चालेल. पण खट् आवाज प्रत्येक वेळी यायला हवा. उघडलेलं पातं डावीउजवीकडे हलवून बघा. हललं तर तो परत द्या आणि दुसरा मागा.

(दृश्य: हातात 'कॅडेट' आणि 'स्पार्टन'. दोन्ही एकेक करून शर्टाच्या खिशात.)

राहिला प्रश्न या दोघांतला. दोघेही दोन थरांचे. शर्टाच्या खिशाला 'कॅडेट': सपाट, हलका, अल्युमिनियमच्या खरबरीत मुठीमुळे ओल्या हातातही न निसटणारा. पण त्यात टोच्या नाही, चिमटा नाही. डोंगरात, शेतात, काट्याकुट्यात जाणाऱ्याला चिमटा हवाच. त्याने लाल घ्यावा.