गज आधी, हातोडी मग

मंडळी, भजनात बुवांनी श्वास घेतला की पेटीवाल्याला मान वर न करता कळतं. वर्षानुवर्षं एकत्र बसल्याशिवाय हे येत नाही. चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं गजाने वाजवायचं मोठं वाद्य, आणि पियानो यांच्या मुरलेल्या जोडीतही ऐकायचं असतं ते हेच. पण तिथली अडचण जास्त नाजूक आहे.

पियानोची पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आदळते. आवाज त्या क्षणी भरून येतो आणि लगेच उतरू लागतो. चेलोत गज तारेला धरतो, ओढतो, तेव्हा कुठे ती बोलते. सूर मात्र नंतर हवा तसा फुलवता येतो. चार तारांपैकी सर्वांत जाड, म्हणजे खालच्या ‘सी’ची (पाश्चात्त्य सुरांची नावं ए, सी अशी असतात) तार, साधारण ६५ हर्ट्‌झची. ती सर्वांत उशिरा बोलते. दोघांनी नेमकं एकाच वेळी सुरू केलं, तर चेलो मागे पडल्यासारखा वाटतो. म्हणून गज आधी सुटतो, हातोडी मग पडते. किती आधी, ते तार कोणती आणि आवाज किती हवा यावर ठरतं. पियानोवादक चेलोवादकाचं कोपर आणि श्वास पाहत असतो. जोडी खरंच मुरली आहे का, हे पाहायचं तर चेलोची तार बोटाने छेडतात त्या जागा ऐका. तिथे दोन्ही आवाज टोकदार असतात, तिळभर फरकही लपत नाही.

आता सुराचं. चेलोच्या शेजारच्या दोन तारांत सा-पचं अंतर असतं. तंबोऱ्यासारखा शुद्ध पंचम धरून वरच्या ‘ए’पासून खाली उतरलं, तर तीन पंचमांनंतर ‘सी’ लागतो. पियानोचा पंचम मात्र आपल्या पेटीसारखाच किंचित आखूड लावलेला असतो. अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर दर पंचमाला सुमारे २ भागांचा फरक पडतो. म्हणजे ‘ए’ बरोबर जुळला तरी चेलोचा ‘सी’ पियानोपेक्षा जवळजवळ ६ भाग उतरलेला राहतो, आणि दोघांनी तो लांब धरला की सूर घोळतो. यावर उपाय म्हणून बरेच वादक पंचम जरा आवळून लावतात. बोटाने दाबलेल्या सुराची जागा वादकाच्या हातात असते. मोकळ्या तारेची नसते, म्हणून ती आधीच तडजोड करून लावायची.

चेलोवादक पुढे, पियानोवाला साथीला, असं समजू नका. जर्मन संगीतकार बीथोव्हेनने १७९६ मध्ये या जोडीसाठी पहिले दोन सोनाटा (अनेक भागांच्या वाद्यरचना) लिहिले, त्यांत पियानोचाच भार मोठा आहे. १८०८ च्या ए मेजर सोनाटात सुरुवातीला चेलो एकटा बोलतो, मग खालचा सूर धरून थांबतो आणि पियानोला वाट देतो. माझ्या मते समान जोडीचं याहून सुंदर उदाहरण सापडणं कठीण. जर्मन संगीतकार ब्राम्सच्या ई मायनर सोनाटात चेलो खालच्या तारांवर गातो आणि पियानोचे स्वरसमूह ठोक्याच्या अधेमधे पडतात. पियानोवाल्याने पेडल (पायाने दाबलं की सूर घुमत ठेवणारं) जरा जास्त वेळ दाबून ठेवलं की चेलो बुडाला. तिथे चेलोवादकाने गज दाबून उपयोग नाही, सूर खरखरतो. कमी व्हायचं असतं पियानोने, तेही प्रामुख्याने डाव्या हातात.

आपल्या तालुक्याच्या गावी अशी मैफल ठरवायची, तर मे महिना टाळा. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, खुंट्या घसरतात, सरसाने जोडलेले सांधे सुटतात. लाकूड तडकण्याऐवजी सांधा सुटावा, म्हणून सरस मुद्दामच फार पक्का ठेवलेला नसतो. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडतं, तशा चेलोच्या खुंट्या फुगून अडकतात. थंडीचे महिने बरे. कूलर वादकाच्या अंगावर सोडू नका. ओली हवा लागली, मग कूलर बंद केला, की तारा मध्येच सरकतात.

मोठा पियानो मिळाला नाही, तर खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणा, पेडलसकट. त्याचा एक स्पीकर चेलोवादकाच्या जवळ ठेवा. सगळा आवाज मंडपाकडे गेला तर चेलोवादकाला जोडीदार ऐकूच येत नाही. बसायला बिनहाताची, सपाट, न डुगडुगणारी खुर्ची द्या. चेलोच्या टोकाची दांडी फरशीवर घसरते. खुर्चीच्या पुढच्या पायांना बांधलेला पट्टा त्या टोकाला अडकवतात, तो त्यांच्याकडे आहे का ते आधीच विचारा. पोकळ लाकडी तख्तावर खालचे सूर घुमतात. ते कधी सुखावतं, कधी गढूळ होतं, म्हणून तालमीच्या वेळीच जागा ठरवा. पियानोवाल्याला गज दिसेल असंच बसवा. गाडीतून आणलेली चेलोची पेटी लगेच उघडू नका, खोलीच्या हवेत थोडा वेळ तशीच राहू द्या. आणि स्टँडवरच्या पानांना चिमटे लावा, पंखा सुरू असेल तर नक्कीच.