तोंडदेखलं कौतुक

[दृश्य: रुग्णालयाचा नोटीस बोर्ड. परिपत्रकं, ड्युटी लिस्ट, त्यावर डकवलेला एक रंगीत कागद.]

मे महिना उजाडला की रुग्णालयांच्या नोटीस बोर्डावर हा कागद लागतो. १२ मे, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन. सकाळी अकरा वाजता सभागृहात कार्यक्रम, सर्वांनी उपस्थित राहावे. आणि मग फोनवरून प्रत्येक वॉर्डला वेगळी सूचना जाते, ती कागदावर नसते: दोघीजणींना पाठवा, खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत.

सकाळचे अकरा म्हणजे वॉर्डात काय वेळ असते, ते बघा. डॉक्टरांचा राउंड नुकताच आटोपलाय. राउंडमध्ये लिहिलेल्या नव्या ऑर्डर अजून कागदावरच आहेत. रक्ताचे नमुने लॅबला जायचेत, दोन डिस्चार्ज आहेत, एका पेशंटला एक्स-रेला न्यायचंय आणि ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, फोन आलाय, पुढची केस पाठवा. वॉर्डात ड्युटीवर तिघी. त्यातल्या दोघी सभागृहात गेल्या, तर मागे राहते ती एकटी. आज तिचा दिवस आहे म्हणे.

[दृश्य: सभागृह. मागच्या रांगांमधून दिसणारा मंच. फोटोग्राफर पुढे-मागे करतोय.]

पाहुणे उशिरा येतात. तोवर सगळ्या बसून. मग भाषण: तुम्ही या संस्थेचा कणा आहात, तुमच्याशिवाय आम्ही काहीच नाही. टाळ्या. प्रत्येकीला एक गुलाब, एक प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलेलं असतं, कारण यादी मागच्या वर्षीची. ग्रुप फोटोला उभी असलेली सिस्टर एका हातात गुलाब धरते, दुसऱ्या हातात फोन. फोनवर वॉर्डातून हाक येतेय: ताई, लवकर या, सात नंबरचं सलाईन थांबलंय.

फोटो संध्याकाळपर्यंत संस्थेच्या पानावर झळकतो. केक कापला जातो तोही दिवसपाळीत. नाइटवाल्या येतात तेव्हा पॅन्ट्रीत रिकामा खोका आणि प्लॅस्टिकची सुरी. लॅब टेक्निशियन, रेकॉर्ड रूममधले, सफाई करणारे, स्ट्रेचर ओढणारे यांचा तर हा दिवसच नाही. त्यातले बरेचजण कंत्राटी असतात, त्यामुळे 'प्रिय सहकाऱ्यांनो' म्हणून जाणारी ईमेलही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांचा पगार दुसरीकडून निघतो ना!

[दृश्य: जुनं चित्र. हातात दिवा घेतलेली स्त्री.]

ज्यांच्या जन्मतारखेवर हा सगळा सोहळा बेतलाय, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं काय म्हणणं होतं? जन्म १२ मे १८२०. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. दिवा घेऊन फिरणारी प्रेमळ बाई एवढीच त्यांची आठवण आपण जपली, आणि ती सोयीचीही आहे. प्रत्यक्षात बाई आकडेवारीच्या माणूस होत्या. सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मरतात, हे त्यांनी १८५८ मध्ये तक्त्यांनिशी मांडलं. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, तिथल्या त्या पहिल्या महिला सभासद. पुढची कित्येक वर्षं त्या सरकारच्या मागे लागल्या होत्या ते गटारं, स्वच्छ पाणी, हवा आणि पुरेशा सामानासाठी. त्यांच्या वाढदिवसाला गुलाब वाटणाऱ्यांनी त्यांची मागण्यांची पत्रं एकदा वाचायला हरकत नाही.

[दृश्य: २०२० मधल्या रिकाम्या रस्त्यांची, गॅलरीत उभ्या लोकांची क्षणचित्रं.]

मग आली महामारी. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष आधीच परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर करून ठेवलं होतं. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता भारतभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. २६ मार्चपासून ब्रिटनमध्ये दर गुरुवारी रात्री आठला टाळ्या सुरू झाल्या, त्या २८ मेपर्यंत, सलग दहा गुरुवार चालल्या. लोकांच्या त्या टाळ्यांना पोकळ म्हणायचं आमच्या जिवावर येतं. दाराबाहेर येऊन टाळी वाजवणाऱ्या माणसाच्या हाती तेवढंच होतं. ज्यांच्या हाती त्याहून जास्त होतं, त्यांनीही टाळीवरच भागवलं, तिथे गोष्ट फसली.

ब्रिटनचंच पुढचं ऐका. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुचवलेली पगारवाढ होती १ टक्का. फार ओरड झाली, तेव्हा जुलैमध्ये ती ३ टक्के झाली. त्याच जुलैच्या ५ तारखेला संपूर्ण आरोग्य सेवेला जॉर्ज क्रॉस जाहीर झाला, शौर्यासाठीचा सर्वोच्च नागरी सन्मान. आणि १५ डिसेंबर २०२२ ला इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या परिचारिका संपावर होत्या. पदक मिळून दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं.

[दृश्य: प्रशासकीय इमारतीचा कॉरिडॉर. टेबलांवर फायलींचे गठ्ठे.]

व्यवस्थापनाला एवढंही कळत नाही का, असा प्रश्न पडेल. कळतं. पण केक आणि माणूस खर्चाच्या वेगवेगळ्या शीर्षांखाली येतात. केक, गुलाब, नाव छापलेली पाण्याची बाटली हा एकदाचा खर्च. कल्याण निधीतून किंवा कार्यक्रमांच्या तरतुदीतून तो निघतो, एका सहीवर, त्याच आठवड्यात. वॉर्डात एक पद वाढवायचं म्हणजे दरमहाचा पगार, रजा, निवृत्तीचे हिशेब, म्हणजे कायमचा बोजा. तो प्रस्ताव वॉर्डातून नर्सिंग ऑफिसला, तिथून प्रशासनाला, तिथून वित्त विभागाला जातो आणि शेरा घेऊन परत येतो: सध्याच्या मनुष्यबळात भागवावे.

यातली खरी पंचाईत मनुष्यबळ विभागातल्या त्या तरुण मुलीची, जिच्याकडे हा कार्यक्रम सोपवलेला असतो. तिला ड्युटी लिस्टला हात लावायचा अधिकार नाही, रिक्त पद भरायचा नाही, सुट्टी मंजूर करायचा नाही. तिला मिळालेत दोन आठवडे, थोडीशी रक्कम आणि एक उद्दिष्ट: कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवा. ती बिचारी फुगे आणते. वॉर्डातल्या सिस्टर चिडतात त्या तिच्यावर, कारण समोर तीच असते. ज्याने शेरा मारला तो समोर येतच नाही. आला तर मंचावर येतो.

शिवाय कार्यक्रमाचा पुरावा राहतो. फोटो, हजेरीपट, अहवालात एक परिच्छेद. कुणीतरी डबल ड्युटी करून दिवस निभावून नेला, तर त्याचा पुरावा कुठेच राहत नाही. उलट त्या दिवशी काही बिघडलं नाही याचा अर्थ असा निघतो, की आहे तेवढ्या माणसांत भागतंय.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर ऑनलाइन सत्र. बहुतेक चौकटी काळ्या, कॅमेरे बंद.]

हल्ली एक नवा प्रकार रुजलाय. तणावमुक्तीचं सत्र. वेळ दुपारी दोन, म्हणजे नेमकी पाळी बदलताना ओव्हर द्यायची-घ्यायची, पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवायची वेळ. उपस्थिती अनिवार्य. नाइट करून झोपलेलीने उठून लॉगिन करायचं आणि झोप नीट कशी घ्यावी ते ऐकायचं.

२०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग या संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी, आरोग्यसेवेतलेच नव्हे, सगळ्या क्षेत्रांतले. माइंडफुलनेस (मन आत्ताच्या क्षणावर ठेवण्याचा सराव), मनाच्या लवचिकतेचं प्रशिक्षण, मन:स्वास्थ्याची अ‍ॅप अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, तर भाग घेणारे काही जास्त सुखी दिसले नाहीत. यात नवल कसलं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तीच मुळी कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला, दीर्घकाळचा ताण अशी. ताण कामाच्या ठिकाणी आणि इलाज मात्र घरी बसून श्वास मोजायचा. बर्नआउटवर हयातभर काम केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बिघाडाच्या सहा जागा सांगितल्यात: कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, आपसातले संबंध, न्याय, मूल्यं. कौतुक बसतं त्यातल्या एका जागेत, तेही अर्ध्या.

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. एकच सिस्टर एका खाटेकडून दुसरीकडे जातेय.]

भार म्हणजे नेमकं किती, हेही मोजून झालंय. संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. एका परिचारिकेकडे सरासरी एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रिया झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि परिचारिकेला बर्नआउट येण्याची २३ टक्क्यांनी. म्हणजे 'स्टाफ कमी आहे' ही कुरकुर नाही, ती पेशंटच्या जिवाबद्दलची सूचना आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून तो लागू केला: आयसीयूत एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, नेहमीच्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पुढच्या टप्प्यात पाच. तिथे कुणाचा उत्साह वाढवायची वाट बघत बसले नाहीत.

मग काय, कौतुक करूच नये? असं कुणीच म्हणत नाही. बरे होऊन गेलेल्या पेशंटचं पत्र कित्येक सिस्टर वर्षानुवर्षं पर्समध्ये जपून ठेवतात. त्यात नाव असतं, आणि काय केलं ते असतं: रात्री आई घाबरली होती तेव्हा तुम्ही हात धरून बसलात. 'कणा' वगैरे काही नसतं. अमेरिकेत १९९९ मध्ये मुलगा गेल्यानंतर बार्न्स कुटुंबाने परिचारिकांसाठी डेझी पुरस्कार सुरू केला तो याच भावनेतून, आजारपणात त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे आभार मानायला. कुटुंबाने आभारच मानायचे असतात. व्यवस्थापनाकडे याहून जास्त काही असतं, ड्युटी लिस्ट असते, सही असते. ते बाजूला ठेवून व्यवस्थापन कुटुंबाच्या सुरात बोलायला लागलं, की वॉर्डातली माणसं एकमेकींकडे बघून हसतात.

[दृश्य: नर्सिंग स्टेशनवरचा संगणक. माऊसवर हात.]

एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या 'हवाई पॅसिफिक हेल्थ' या आरोग्यसंस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये एक उपक्रम सुरू केला. नावच होतं 'गेटिंग रिड ऑफ स्टुपिड स्टफ', मूर्खपणा काढून टाकू या. संगणकावरच्या नोंदींमधलं काय निरर्थक वाटतं ते कर्मचाऱ्यांनीच सांगायचं. किशोरवयीन मुलांची शुश्रूषा करणाऱ्या एका परिचारिकेने कळवलं, की माझ्या तपासणीच्या रकान्यांत अजून नाळ दिसते. रकाना नवजात बाळांसाठी होता, मोठ्या मुलांच्या पानावरून तो आपोआप जायला हवा होता, गेला नव्हता. दुसरी तक्रार दर तासाच्या राउंडची: प्रत्येक पेशंटपाशी जाऊन आल्याची खूण दर तासाला संगणकात करायची. एका नोंदीला सुमारे २४ सेकंद. चार रुग्णालयांचा हिशेब मांडला, तर महिन्याला अंदाजे १,७०० तास परिचारिका ही एक खूण करण्यात घालवत होत्या. ती नोंद काढून टाकली. राउंड चालूच राहिले.

सगळंच काढता आलं नाही. काही नोंदी खरोखर लागणाऱ्या होत्या, त्यांची पद्धत सुटसुटीत करावी लागली. काहींबाबत तर ती नोंद कशासाठी हवी, एवढंच कर्मचाऱ्यांना नीट समजावून सांगायचं राहून गेलं होतं.

[समाप्त]