गंजलेली जीप, पोरगा आणि मी

मागं बसलेल्यांना आवाज येतोय ना? नसेल येत तर पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि हे टेबलावर बिस्किटाचे डबे ठेवलेत ना, ते बोलून झाल्यावर बघायला या, हातात घेऊन बघा, कारण पोरानं न् मी जुनी जीप दुरुस्त करायला घेतली त्याचं जे सांगणार आहे, ते अर्धं त्या डब्यांतच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. गंज म्हणजे काय हे फळ्यावर वीस वर्षं लिहीत आले, पण गंजलेला बोल्ट कधी हातानं सोडवला नव्हता. जीप आमच्या सासऱ्यांची, मी त्यांना मामा म्हणायचे, पोरगा आबा म्हणायचा. औसा तालुक्यात आमचा आखाडा आहे, म्हणजे शेतावरचा गोठा-शेड, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये मामा गेल्यापासून अकरा वर्षं ती एका जागी उभी होती, टायर मातीत रुतलेले, सीटवर कोंबड्या. महिंद्राची सीजे-३बी, ७१ सालची, पेट्रोल. मूळ डिझाईन विलीज कंपनीचं, अमेरिकेत १९५३ ला आलेलं. हिचं बोनेट जुन्या लष्करी जीपपेक्षा उंच दिसतं ना, त्याचं कारण आतलं हरिकेन इंजिन, त्याचा इनलेट, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिनच उंच झालं आणि बोनेटही वर उचलावं लागलं.

आता लातूरात राहायचं म्हणजे दहावीचा शेवटचा पेपर झाला की लगेच अकरावीची बॅच, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरीपण फॉर्म भरून तयार होता. आणि पोरगा जेवताना म्हणतो, "मम्मी, आबांची जीप पप्पा भंगारात देऊ लालेत म्हणं. मी दुरुस्त करू का?" भंगारवाला किलोवर मागत होता. मी म्हणलं, तुला काय येतंय त्यातलं? तर म्हणला, "तुला तर कुठं येतंय? दोघं शिकू की." तिथंच ठरलं, बॅच एक महिना पुढं ढकलली, आणि तो एक महिना आता दीड वर्ष झालाय, पण बॅचही चालू आहे आणि जीपचं कामही, दर रविवारी आखाड्यावर.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद बघा, हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगते. आरसी बुक सापडतंय का, चासी नंबर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर कोरलेला, त्याच्याशी जुळतोय का. चासीवर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, ते पोरानं केलं, एक आकडा गंजात गेला होता तो भिंगातून वाचला. आपल्याकडं बऱ्याच जीपांना मालकांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं, मामांनी नाही बसवलं, पेट्रोल परवडत नाही म्हणून जीप कमी काढायचे पण इंजिन बदलू दिलं नाही. त्याचा आज फायदा होतोय. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच असलेली गाडी असेल तर विंटेज म्हणून नोंदणी होते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर व्हीए अक्षरं येतात, आणि मग ती रोज वापरायची नाही, धंद्याला तर नाहीच. दुरुस्ती करताना काय बदलायचं न् काय नाही हे त्या नियमावरनं ठरतं, म्हणून आधी कागद.

मग खोलायला घेतलं. इथं माझी चूक झाली ती सांगते, कारण पालक म्हणून बहुतेक तुमचीही तीच होईल. फेंडरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, एक बोल्ट निघेना. पोरगा म्हणत होता डिझेल मारून रातभर ठेवू, उद्या बघू. मला संध्याकाळी लातूरला परत यायचं होतं, सोमवारी शाळा. मी पान्याला पाईप लावला न् जोर दिला. बोल्ट कटकन तुटला, डोकं हातात आणि दांडा आत. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. पुढचा अख्खा रविवार त्यानं तो दांडा ड्रिलनं पोखरून काढण्यात घालवला. त्या दिवशी मी ठरवलं की पाना त्याच्या हातात आणि घाई माझ्याजवळ ठेवायची, मी डबे धरायचे. तेच हे डबे. प्रत्येक बोल्ट कुठला, किती वायसर, कुठल्या बाजूनं, सगळं चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात. आणि अडकलेला बोल्ट आधी किंचित आवळायचा, गंजाची पकड मोडते, मग सोडवायचा, हेही त्यालाच सापडलं.

गंज किती खोल गेलाय हे डोळ्याला दिसत नाही. औशाचे एक मिस्त्री आहेत, आम्ही चाचा म्हणतो त्यांना, ते आले, त्यांनी हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं सगळी जीप ठोकत गेले. "मॅडम, कान द्या. टण् वाजलं तिथं पत्रा हाय, भद् वाजलं तिथं नुसता रंग हाय." पोरगा मागनं खडू घेऊन, भद् वाजलं की गोल. संपलं तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर सगळा गोलांनी भरलेला. बोनेट मात्र अख्खं शाबूत. आता कोरड्या मराठवाड्यात, जिथं पावसाची वाट बघण्यात वर्ष जातं, तिथं एवढा गंज का? मला दोन दिवस कोडं पडलं. मग आठवलं, शेडमध्ये जीपच्या मागं खताची पोती रचलेली असायची, पोटॅशची. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मीठच एक प्रकारचं, ते सांडलं, फ्लोअरवर बसलं, हवेतला ओलावा ओढला, आणि मिठाच्या पाण्यातून लोखंडाचं गंजणं कितीतरी जोरात होतं. वरून गंज फुगतो, लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यानं रंग उचलला जातो, फट पडते, फटीत परत ओल. म्हणजे समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि जीप मात्र कोकणातल्यासारखी सडलेली. तुमच्या शेडमध्ये ट्रॅक्टर, पेरणी यंत्र असेल तर खताची पोती त्याच्यापासून लांब ठेवा, एवढं ऐका माझं.

छोटे पार्ट आम्ही विजेवर साफ केले. प्लास्टिकचा टब, पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. चार्जरचं मायनस गंजलेल्या पार्टला, प्लस सळईच्या तुकड्याला, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. बारीक बुडबुडे यायला लागतात, तो हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावरच, जवळ विडी-काडी नको, हात घालायच्या आधी चार्जर बंद. सळईच्या जागी स्टीलचा चमचा-वाटी कधीच वापरायची नाही, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, विषारी असतं. काचेच्या फ्रेमचं बिजागर रातभर ठेवलं होतं. सकाळी काढलं तर काळी काजळी, ब्रश मारला न् खाली राखाडी लोखंड, कडा न् कडा स्पष्ट, कानसीचे ओरखडेसुद्धा दिसत होते. ते हातात धरून हा म्हणतो, "मम्मी, हे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी घासलंय." मी फळ्यावर शिकवते त्या धड्यात हे कधी नव्हतं.

दोन गोष्टीत मात्र मी पोराला पुढं होऊ दिलं नाही. एक पेट्रोलची टाकी. ह्या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. टाकी रिकामी आहे म्हणून कुणी तिच्याजवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवू नका, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, आत वाफ असते. टाकी काढून लांब बाभळीखाली नेऊन ठेवली, मगच पुढचं काम. दुसरं, जुना रंग कोरडा घासणं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं पाणी मारून घासायचं, चांगला मास्क, चष्मा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. वेल्डिंग चाचांनीच केलं. पण नवीन पत्र्याचे सगळे साचे पोरानं लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापले, पुठ्ठा जाग्यावर बसला की मग पत्रा कापायचा. चाचा सलग वेल्ड मारत नाहीत, इथं एक टाका, तिथं एक टाका, नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकडा होतो. मला ते गोधडी शिवल्यासारखंच वाटलं. पहिला गॅरेजवाला, चाचांच्या आधीचा, म्हणला होता कशाला पत्रा बदलता, पुट्टी भरून रंग मारून देतो, आठ दिवसात नवी दिसंल. दिसलीही असती. दोन पावसाळ्यांनी पोराचा पाय फ्लोअरमधून खाली गेला असता.

रंगाचं सांगते. एका ठिकाणी रुपयाएवढी जागा त्यानं हळूहळू घासली तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं निघाली, वर लाल, मग पांढरा, मग प्रायमर, आत फिकट हिरवा. घरात सगळ्यांना लाल पाहिजे होता, आमच्या ह्यांच्या आठवणीत लालच. पोरगा म्हणला हिरवा, मूळचा तोच. त्यानं केलंय, तो ठरवील. हिरवा ठरला.

मागच्या फाटकाला एक पोचा आहे. चाचा तो काढायला निघाले तर पोरानं अडवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. उजाडल्यावर मामांनी ह्याच जीपमधून जखमी लातूरला नेले, फाटक उघडं टाकून, बाजेवर झोपवून. बाजेचा पाय त्या फाटकावर आदळत होता रस्ताभर. मी ही गोष्ट लग्न होऊन आले तेव्हा ऐकली होती, पोराला कधी सांगितली नव्हती. त्याला मामांनीच सांगितली होती म्हणं, लहान असताना, त्या पोच्यावर त्याचं बोट ठेवून. पोचा तसाच आहे, त्यावरच प्रायमर मारलाय.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारी भोकांत तेल सोडलं, आठ दिवस थांबलो, मग पुढून हँडल. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. पहिल्या रविवारी हललं नाही. तिसऱ्या रविवारी पाव फेरा फिरलं, नुसता पाव, आणि आखाड्यावरची म्हैस दचकून उठली एवढे आम्ही ओरडलो.

लोक विचारतात, आता पोरगा चालवणार का? तो सतरा वर्षांचा आहे, नाही चालवणार. अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पण दंडाचं सोडा, ज्यानं स्वतः ब्रेक बसवले त्यालाच माहीत असतं ब्रेक किती भरवशाचे आहेत. म्हणून मी ह्या वर्षी लायसन काढलं, सेहेचाळीसाव्या वर्षी. तो शेजारी बसणार, गिअरचा आवाज ऐकून मला सांगणार.

अजून बरंच बाकी आहे, वायरिंग सगळं, हूड, म्हणजे वरचं कापडी छत, शिवायचंय. मंडी डबवालीला जुन्या जीपांचं मोठं काम चालतं, हरियाणात, तिथनं काही पार्ट मागवलेत. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत, चाकातला ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर तीन बरे निघाले, मागचा डावीकडचा आतून पार खड्डे पडलेला आहे. तुमच्यात कुणाच्या आखाड्यावर, गोठ्यात जुनी जीप पडून असेल आणि भंगारात जायच्या बेतात असेल, तर जायच्या आधी आम्हाला एक फोन करा. तो सिलिंडर आम्हाला पाहिजे. आणि जीप चांगली असली तर सिलिंडर मागणार नाही, पोरगा येऊन हातोडीच्या दांड्यानं ठोकून देईल, खडू तो घेऊनच येतो.