सालईच्या राळेवर कोण राहतं?

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळ्यात खान्देशात धावड्याच्या डिंकाचे लाडू वळले जातात. तो डिंक पाण्यात विरघळतो. सातपुड्यातल्या सालईच्या खोडातून पाझरतो तो वेगळा. त्यात राळ असते, म्हणून पाण्यात तो पुरता विरघळत नाही आणि निखाऱ्यावर टाकला की घमघमतो. झाड ही राळ जखम बुजवायला वापरतं. तिच्यातली द्रव्यं किडीला, बुरशीला मारक असतात.

तरी काही बुरश्या राळेवरच संसार थाटतात! कीनोथेकॉप्सिस या प्रजातीतल्या काही जाती पाहा. काळी दांडी, वर काळं डोकं, उंची जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर. राळेत टाचण्या खोचल्यासारख्या दिसतात. 2013 साली चीनमध्ये एका सूचिपर्णी झाडाच्या राळेवरून अशी नवी जात नोंदली गेली. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरमध्ये, म्हणजे जीवाश्म झालेल्या राळेतही याच प्रजातीच्या बुरश्या सापडल्यात, निदान साडेतीन कोटी वर्षं जुन्या. राळेवर वाढणारी आणखी एक बुरशी तर विमानाच्या इंधनटाकीतही शिरते. तिला ‘केरोसीन बुरशी’च म्हणतात.

बुरशांच्या सुमारे दीड लाख जातींना नावं मिळालीत. 2017 च्या एका अंदाजानुसार प्रत्यक्षात 22 ते 38 लाख असाव्यात. मग आपल्या सालईवर कोणी नसेलच, असं कसं म्हणायचं?

पण काळा ठिपका दिसला म्हणजे नवी जात झाली नाही. बहुतेकदा ती धूळच निघते. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची मापं घ्यायची, डीएनएचा ठरावीक तुकडा वाचायचा, जगभरच्या नोंदींशी ताडायचा. मग मूळ नमुना कायम जपला जाईल अशा संग्रहात ठेवायचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे. 2013 पासून नव्या नावाला नोंदणी क्रमांकही लागतो, त्याशिवाय नाव ग्राह्य नाही. खरं कष्टाचं काम हे, रानातलं नव्हे.

रानात जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: बघायचं ते जुन्या, वाळलेल्या राळेवर, भिंगातून. दिसलं तर झाड, उतार आणि महिना लिहून ठेवा, फोटो काढा. राळ मिळावी म्हणून सालईला कुऱ्हाड लावू नका. सातपुड्यातल्या यावल अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय नमुना उचलायचाच नाही, बुरशीचासुद्धा.