ग्रेव्हजची गोळी कधी थांबवायची?

नमस्कार. हात समोर ताठ धरा, बोटं पसरा आणि वर एक कागद ठेवा. कागदाची कड थरथरतेय? थायरॉईड जोरात चालू असला की अनेकांना अशी बारीक थरथर असते. औषध लागू पडलं की काही आठवड्यांत ती जाते, धडधड थांबते, झोप लागते. आणि नेमकी इथेच बरीच मंडळी गोळी सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मूळ आजार तेव्हा तसाच असतो.

ग्रेव्हज या थायरॉईडच्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती अशा अँटीबॉडी बनवते, ज्या थायरॉईडला सतत हार्मोन बनवायला लावतात. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल ही गोळी ते बनणं अडवते. अँटीबॉडी ओसरायला मात्र वेळ लागतो, म्हणून गोळी साधारण 12 ते 18 महिने चालते. थांबवण्याआधी 'ट्रॅब' ही अँटीबॉडीची तपासणी करतात. ती अजून जास्त असेल, तर आजार उलटण्याची भीती मोठी.

रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारा मेंदूकडचा हार्मोन, कित्येक महिने दबलेलाच दिसेल. घाबरू नका, सुरुवातीला डोस टी3-टी4, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन, बघून ठरतो. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, त्याने हे आकडे चुकीचे येऊ शकतात.

स्वतःहून गोळी थांबवायची एक महत्त्वाची वेळ: ताप आला किंवा घसा खूप दुखतोय. तेव्हा पुढची गोळी घेऊ नका, डॉक्टरांना कळवा आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करा. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम घटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

सगळं नीट करूनही जवळपास निम्म्या लोकांत आजार उलटतो. यात तुमची चूक नसते. मग कमी डोसची गोळी वर्षानुवर्षं घेता येते, किंवा रेडिओआयोडीन (थायरॉईडच्या पेशी नष्ट करणारं किरणोत्सारी आयोडीन), किंवा ऑपरेशन. शेवटच्या दोन्हींनंतर बहुधा थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड हार्मोनची, गोळी जन्मभर लागते. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. डोळे सुजत, खुपत असतील तर रेडिओआयोडीनआधी ते जरूर सांगा, आणि सिगारेट सोडाच, तिने डोळे आणखी बिघडतात. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, औषध बदलावं लागू शकतं.

गोळी थांबली की पहिलं वर्ष जपायचं. ठरलेल्या तारखांना रक्त तपासा आणि सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहा. आकडा रोज चढतोय असं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.